मंजूर संख्या

गाडी गेटाबाहेर वळत होती तेवढ्यात कुणीतरी काचेवर हात ठेवला. थापटला नाही, ठोठावला नाही. नुसता ठेवला, बोटं पसरून. समिधाने ब्रेक दाबला, तेव्हा त्या तळव्यावरच्या रेषा तिला इतक्या जवळून दिसल्या की हात बाहेर आहे हे कळायलाच थोडा वेळ लागला. मग हाताच्या मागे बाई दिसली. गुडघ्याच्या जरा खाली आलेलं लुगडं, कपाळावर घामाने चिकटलेले केस, वय आपल्यापेक्षा कमीच. चेहऱ्यावर राग नव्हता. रेशनच्या रांगेत आपला नंबर आला की जसं माणूस पुढे सरकतं तशी ती पुढे सरकली होती, इतकंच. समिधाने काच खाली घेतली.

"बाय, जिवल्याला बाहेर धाड ना."

"कोण जिवल्या?"

"माझा दादला. तुझ्या कंपनीत हाय. दिवाळीधरनं आत हाय."

डोंगरातल्या बोलीत सगळ्यांनाच एकेरी हाक मारतात हे समिधाला माहीत होतं, तरी ते 'तुझ्या कंपनीत' तिला कुठेतरी लागलं. तोवर वॉचमन धावत आला. "मॅडम, तुमी जावा. रोजचंच हाय हिचं. भागी नाव हिचं. हिचा नवरा कॉन्ट्रॅक्टवर हाय, ईटीपीला. मशीन दाखवतंय ना कार्ड आत हाय म्हणून. डबल ड्युटी करीत असंल." बाईने त्याच्याकडे मान वळवली आणि समाधानाने म्हणाली, "बघ. हा पन बोलतो आत हाय." आणि पुन्हा समिधाकडे बघत राहिली. आता राहिलं काय, फक्त बाहेर काढायचंच तर आहे, अशा नजरेने.

"सांगते मी," असं काहीतरी पुटपुटून समिधाने गाडी पुढे काढली. आरशात ती बाई तशीच उभी होती, काच निघून गेली तरी हात हवेत तसाच.

त्या दुपारी मुंबईच्या मुख्य कचेरीबरोबर तिमाही आढावा झाला होता आणि तारापूरच्या युनिटचं कौतुक झालं होतं. पडद्यावर देशभरातल्या कारखान्यांची चौकोनी खिडक्यांत बसलेली माणसं, आणि मधोमध तो तक्ता. एका बाजूला बजेट, एका बाजूला प्रत्यक्ष, आणि शेवटच्या रकान्यात तफावत. तारापूरचे रकाने समिधाच भरायची; तिथल्या कंत्राटी मनुष्यबळापुढे शून्य. सलग सगळ्या महिन्यांत शून्य. कंपनी मोठी झाली की कुणाला कुणाकडे बघायला सवड नसते; वरचे लोक फक्त तफावत बघतात. जिथे तफावत तिथे प्रश्न, जिथे नाही तिथे डोळाच जात नाही. नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात समिधाला हे समजलं होतं, आणि तेव्हापासून तिला त्या शून्याचं प्रेम होतं. शून्य म्हणजे शांतता. युनिटचे प्रमुख विपुल सर नव्या माणसांना सांगायचे, बजेट म्हणजे अंदाज नाही हं, बजेट म्हणजे शब्द दिलाय आपण. आणि समिधाला ते पटायचं. रिकाम्या जागांचा नियमही तिनेच सुचवलेला. एखादी जागा महिनाभर रिकामी राहिली तर ती जागा नकोच होती असं धरायचं आणि पुढच्या वर्षाच्या मंजूर संख्येतून काढून टाकायची. नियम लागू झाला आणि त्यानंतर एकही जागा कधी रिकामी राहिली नाही. मुख्य कचेरीने तो बाकीच्या युनिटांनाही लावला. आज कुणीतरी म्हणालं होतं, तारापूरला काही बघावंच लागत नाही. सगळे हसले होते. तीही हसली होती.

कुंभवलीच्या नाक्यावर टँकर अडकले होते. हवेत तो नेहमीचा वास होता, कुजलेल्या फळासारखा गोड आणि त्याच्या आत काहीतरी जळतंय असा. इतक्या वर्षांत तिला तो येईनासा झाला होता, आज आला. तिने काचा लावून घेतल्या, आणि मग ज्या काचेवर तो हात होता तिथे बोटांचे पाच पुसट ठसे दिसले. उजेड तिरपा झाला होता म्हणून दिसले असतील. बोईसरला घरी येईपर्यंत तिने त्या बाजूला बघायचं टाळलं.

घर अण्णा गेल्यापासून एकटीचंच. कऱ्हाडचं बिऱ्हाड मोडून तिने वडिलांना इथे आणलं तेव्हा त्यांना विसरायला होऊ लागलं होतं. पोस्टात आयुष्य घालवलेला माणूस, गावातल्या प्रत्येक दाराचा पत्ता पाठ असलेला, आणि आता आपल्याच स्वयंपाकघरात जायला वाट विचारायचा. आई जाऊन वर्षं झाली होती, पण ते रोज संध्याकाळी विचारायचे, "ही कुठं गेली गं?" पहिल्यांदा समिधाने खरं सांगितलं. ते इतके रडले, जणू बातमी आत्ताच आली होती. आणि तासाभराने पुन्हा विचारलं. मग ती सांगायला लागली, "देवळात गेलीय, येईलच." तेवढ्यावर ते समाधानाने मान हलवायचे, आईच्या कपावर बशी झाकून ठेवायचे. दिवस सुरळीत जायचा. रोज देवळात गेलेली आई आणि रोज झाकलेला चहा. एका संध्याकाळी मात्र त्यांनी चष्म्याआडून तिच्याकडे रोखून बघत विचारलं होतं, "तू बघितलीस का तिला जाताना?" आणि ती म्हणाली होती, "हो, आत्ताच तर." ते बोलताना खरंच तिला जिन्यावर उतरत्या चपलांचा आवाज आल्यासारखा वाटला. आपण रोज पाठवतो म्हणून कुणीतरी खरंच जायला लागलं असेल काय. आज ताटावर बसल्यावर तिला तेच आठवत राहिलं. आत हाय. हा पन बोलतो आत हाय. तिने अर्धं जेवण झाकून ठेवलं, आणि झाकून ठेवल्यावर कुणासाठी ठेवलं ते तिला सांगता येईना.

सकाळी ती आपल्या केबिनमध्ये न जाता सरळ मागे गेली. ईटीपी म्हणजे कारखान्याचं सांडपाणी साफ करायची जागा, अगदी शेवटच्या भिंतीला लागून. तिथला प्रत्येक खर्च तिला तोंडपाठ होता आणि तिथे ती गेली होती फक्त एकदा, नव्याने लागली तेव्हा. टाक्यांच्या तोंडावर पिवळट फेस तरंगत होता. रबरी बूट, हेल्मेट आणि तोंडाला फडकं बांधलेली माणसं काठाकाठाने हिंडत होती, आणि कुणाचा चेहरा दिसत नसल्यामुळे ती सगळी एकाच माणसाची वेगवेगळ्या ठिकाणची हालचाल वाटत होती. तिला हाक मारायचा धीर होईना. मग तिने मारली.

"जिवल्या!"

दूरच्या टाकीपाशी एकाने मान वळवली. आहे की! उगाच आपण. तो जवळ आला, फडकं खाली केलं. कोवळा पोरगेला चेहरा, बारीक मिशी, गळ्यात कंपनीचं कार्ड. कार्डावरचा फोटो घामाने आणि पाण्याने धुऊन गेला होता. नुसता एक तपकिरी डाग राहिला होता, त्यात कुणीही बसलं असतं.

"तू जिवल्या?"

"जी, मॅडम."

"गाव?"

"विक्रमगड." शब्द पाठ केल्यासारखा आला.

"बाहेर भागी उभी असते. तुझी कोण ती?"

मागे पंप सुरू झाला आणि पायाखालची जाळी थरथरू लागली. मग तो हळूच म्हणाला, "मॅडम, पहले मेरे को भी अजीब लगता था. अब तो कोई अपने नाम से बुलाता है तो देर से समझ में आता है."

"तो कहाँ गया? जो पहले था?"

"मालूम नहीं. सुपरवायझर ने बोला, जगह खाली नहीं रखने का, ये नाम चलाओ. आधा पगार मेरे को देता है, आधा उस औरत के घर भेजता है." त्याने स्वतःच्या पायांकडे बघितलं. "ये बूट उसी का है. मैं आया उस दिन अंदर से गीला था."

समिधाने बुटांकडे बघितलं नाही. परत चालताना तिला वाटत होतं की आपण आता कुठलंही नाव घेतलं तर कुणीतरी वळेल. यादीतलं कुठलंही. हाक मारावी आणि दरवेळी कुणीतरी, मान वळवून, जी म्हणत जवळ यावं, आणि संख्या बरोबर भरावी.

कंत्राटदाराचा सुपरवायझर पंढरी लातूरकडचा, चाळिशीचा, बोलायला मऊ. तिच्या केबिनमध्ये तो खुर्चीच्या कडेवर बसला. तिने विचारलं तेव्हा त्याने आढेवेढे घेतले नाहीत. उलट इतके दिवस धरून ठेवलेलं ओझं खाली टेकवावं तसा बोलत गेला. "मेला नाही हो मॅडम. गाळाच्या टाकीत उतरला होता, तळ खरवडायला. वरून हाक मारली तर ओ देईना. वायू साचला होता. काढला तेव्हा श्वास चालू होता. टेम्पोत घातला आणि तलासरीच्या पुढं, गुजरातच्या हद्दीत सरकारी दवाखान्यात सोडला."

"सोडला म्हणजे?"

"दारात."

"पंढरी!"

"इथं नेला असता तर अपघाताची नोंद झाली असती. वर्षाच्या लक्ष्यात अपघात शून्य लिहिलाय. आमचं कंत्राट त्याच्यावर. आणि जागा रिकामी दाखवली असती तर मार्चनंतर जागाच गेली असती. काम तेवढंच राहतं मॅडम, खरवडायचे हात कमी होतात. म्हणून मग दुसरा उभा केला."

"तू माझ्याकडे यायचं होतंस."

"आलो होतो की." त्याने पहिल्यांदाच वर बघितलं. "बाहेर बसलो होतो बराच वेळ. तुमच्या केबिनबाहेर बसतात त्या दीपाली मॅडमनी विचारलं, तफावत आहे का काही. मी म्हटलं, तफावत नाही. मग म्हणाल्या, तफावत असेल तेव्हा या."

समिधाला आठवेना की दीपालीला असं सांगायला तिने कधी सांगितलं होतं का. सांगितलंच असणार. नसेल सांगितलं तरी ते तिचंच वाक्य होतं.

भागी गेटाच्या बाहेर, भिंतीच्या सावलीला बसली होती. समिधाने दार उघडलं तेव्हा ती काही न विचारता पुढच्या सीटवर मांडी घालून बसली, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी. चिल्हार फाटा मागे पडला. हायवेला लागल्यावर मोठमोठे ट्रक अंगावरून गेल्यासारखे गेले आणि भागी म्हणाली, "तू बघलास त्याला?"

"नाही. मला सांगितलं फक्त."

"मला पन सांगायचे. पैसं पन यायचे. पैसं येतात म्हंजे मानूस हाय, पंढरी बोलायचा." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "तुमच्या कंपनीच्या मागं नाला हाय ना, तिथं मी जायची. भिंतीतनं पाईप येतो. पाईपाला कान लावला का आत तो खोकायचा. मी वळखते त्याचा खोकला. मंग मी खोकायची. मंग तो गप बसायचा."

तो पंपाचा आवाज असेल, असं समिधाला म्हणायचं होतं. तिला आपल्या त्या पडद्यावरच्या तक्त्याची आठवण झाली, त्यातल्या पांढऱ्या, रिकाम्या रकान्याची, आणि त्याला कधी कुणी कान लावला नव्हता याची. थोडं पुढे गेल्यावर डोंगर दिसू लागले. भागी एका डोंगराकडे बोट दाखवून म्हणाली, त्याच्यामागं आमचा पाडा. आणि डोंगर मागे पडेपर्यंत मान वळवून त्याच्याकडे बघत राहिली.

दवाखान्यात त्याचं नाव नव्हतं. 'अनोळखी पुरुष' एवढंच. नर्स दोघींना वॉर्डच्या अगदी टोकाला घेऊन गेली. "बोलता नहीं कुछ. बस काम करता रहता है," ती म्हणाली, आणि ते लगेच दिसलंच. खाटेच्या कडेला एक वाळलेला माणूस भिंतीकडे तोंड करून बसला होता. डावा हात भिंतीवर टेकवून उजव्या हाताने तो भिंत वरून खाली खरवडत आणत होता, आणि खाली आल्यावर मूठ वळवून बाजूला काहीतरी टाकत होता. पुन्हा वर. तिथला रंग उडून आतली माती उघडी पडली होती. नखं झिजली होती.

"जिवल्या," भागी म्हणाली.

हात थांबला नाही. भागी खाटेवर चढून त्याच्या शेजारी बसली, फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या तोंडाशी नेला. त्याने तोंड उघडलं. चावत चावतच म्हणाला, "अजून हाय खाली. तळ नाय लागला."

भागीने समिधाकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात विजय होता. "मी बोलले होते ना? आत हाय तो."

त्याला घेऊन जायचं तर तो कोण ते सिद्ध करायला हवं होतं. कारकून भला माणूस होता. त्याने स्वतःहून कंपनीच्या गेटला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडून बटणं दाबल्याचा आवाज आला आणि मग वॉचमनचा ओळखीचा स्वर, "जिवल्या? तो ड्युटीवर हाय. सकाळीच आत आला." कारकुनाने फोन ठेवला, दाराच्या काचेतून वॉर्डकडे बघितलं, मग समिधाच्या गळ्यातल्या कार्डाकडे. "वहाँ भी है, यहाँ भी है. मैं किसको छोडूँ? आप लिखकर दो, कंपनी की तरफ से. कि ये ही वो है, और वहाँ जो है वो नहीं है."

तिने बाहेर व्हरांड्यात येऊन विपुल सरांना फोन केला. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं. नेहमीच ऐकायचे, माणूस वाईट नव्हता. "त्याला आपण बघू, समिधा. उपचार, घरच्यांना मदत, सगळं. खर्चाच्या दुसऱ्या हेडखाली करता येईल. फक्त लिहू नकोस."

"लिहिल्याशिवाय सोडत नाहीत."

"मग नीट विचार कर. तो तिथे आहे असं लिहिलंस की तो इथे नाही असंही लिहिलंस. मग इथे कोण आहे? आज एकाबद्दल विचारतील. उद्या विचारतील, बाकीच्या जागांवर कोण आहे. आहे तुझ्याकडे उत्तर?" ते थोडं थांबले. "तुझ्या शून्याखाली काय आहे ते मलाही माहीत नाही. खरंच. मला बघायचंही नाहीये."

व्हरांड्यात ऊन होतं. एक बाई ओल्या फडक्याने फरशी पुसत होती आणि पुसलेली जागा लगेच वाळून पूर्वीसारखी होत होती. समिधाला अचानक फार दमल्यासारखं झालं. ते वाक्य किती सोपं होतं. देवळात गेलीय, येईलच. ड्युटीवर आहे, सकाळीच आत आला. तेवढं बोललं की सगळं सुरळीत. दिवस सरतो, चहा झाकला जातो, रकान्यात शून्य उमटतं. तिने अण्णांना सांभाळलं ते याच वाक्यावर, आणि ते करताना तिला ते प्रेम वाटलं होतं, होतंही. पण अण्णांच्या वेळी आपल्या माणसाला शोधत दाराशी उभी राहिलेली दुसरी कुणी बाई नव्हती. आतून भागीचा आवाज येत होता. ती गुणगुणल्यासारखी गावातल्या गोष्टी सांगत होती, कुणाची गाय व्याली, कुणाच्या झापावर पेंढा घातला. आणि त्या आवाजाखाली, एका लयीत, ते खरवडणं.

समिधा आत गेली, कारकुनाकडून कोरा कागद मागितला आणि लिहिलं. कागदावर अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं. खाली आपलं नाव, हुद्दा, कंपनी. सही करताना तिला भीती नाही वाटली. भीती सही झाल्यावर वाटली, कागद कारकुनाच्या हातात गेल्यावर, जेव्हा तिला जाणवलं की याच क्षणी तिकडे, शेवटच्या भिंतीपाशी, कुणीतरी त्या नावातून बाहेर पडलं असेल आणि त्याला आता कुठे जायचं ते माहीत नसेल.

पुढे झालं ते विपुल सर म्हणाले तसंच झालं. विचारणा झाली, पोलीस आले, सरकारी तपासणीस आले, आणि त्यांनी एकेका जागेवरच्या माणसाला पुढे बोलावून नाव विचारलं. बरीच नावं दुसऱ्यांचीच निघाली. काही गावी निघून गेलेल्यांची, काही आजारी पडून घरी बसलेल्यांची. दोघांचा पत्ताच लागला नाही. पंढरीला धरून नेलं, कंत्राट दुसऱ्याला गेलं. जिवल्याला भागी पाड्यावर घेऊन गेली, त्याला नुकसानभरपाई मंजूर झाली. बारीक मिशीचा तो पोरगा पहिल्याच दिवशी बूट भिंतीशी नीट जोडून ठेवून निघून गेला; त्याचं खरं नाव समिधाने विचारलंच नव्हतं, आणि आता विचारायला कुणी उरलं नव्हतं. तिला कुणी काढलं नाही. मुख्य कचेरीतल्या कुणी आवाजही चढवला नाही. नवीन वर्षाचं बजेट आलं तेव्हा त्यात तिची जागा नव्हती, एवढंच.

वैशाखात ती भागीकडे गेली. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. बोईसरचं घर आवरायचं होतं, ते सोडून ती निघाली. विक्रमगडच्या पुढे डांबर संपतं, तिथून पाड्यापर्यंत पायवाट. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात ते राब भाजून झाले होते. डोंगराच्या उतारावर काळ्या जमिनीचे चौकोन दिसत होते आणि हवेत राखेचा, कोरडा, स्वच्छ वास. भागीने आपल्या झापाबाहेर, गवती झोपडीसमोर, खाट टाकली, पाणी दिलं, कोरा चहा दिला. ती जाड झाली होती थोडी. "खातो-पितो चांगला," ती म्हणाली. "मानसं वळखतो. मला नावानं हाक मारतो. रातचा झोपतो पन. पन दिवस कलला का बघ."

दिवस कलला तेव्हा जिवल्या झापातून बाहेर आला, कोपऱ्यातली कुदळ आणि घमेलं उचललं, आणि समिधाकडे न बघता खालच्या वावराकडे गेला. बांधाच्या कडेला त्याने कमरेइतका खोल खड्डा केला होता. तो त्यात उतरला. खरवडायचा आवाज वर येऊ लागला.

"काळोख पडला तरी येत नाय," भागी म्हणाली. "वढून आनावा लागतो. सुटी झाली, सुटी झाली, मी रोज सांगते. माझा नाय ऐकत. कंपनीत त्याला सांगितलेला, बदली आल्याबिगर टाकी सोडायची नाय. मी त्याची बायको, मी कशी बदली?" ती समिधाकडे बघत राहिली, गेटावर बघितलं होतं तशीच, शांत, आपला नंबर आल्यासारखी. "तू कंपनीची हायेस. तू सांग ना."

समिधा खाली उतरली. माती अजून दुपारच्या उन्हाने गरम होती. खड्ड्यात तो वाकलेला होता, पाठीचे मणके मोजता येतील असा. ती म्हणाली, "जिवल्या, सुटी झाली." त्याने वर बघितलं. तिच्या चेहऱ्याकडे नाही, गळ्याकडे. तिथे आता कार्ड नव्हतं. तो पुन्हा वाकला. तिने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. तो म्हणाला, "अजून हाय खाली." समोरच्या डोंगराची सावली वावरात उतरली होती. तिला काय सुचलं कोण जाणे. तिने चपला काढून बांधावर ठेवल्या, साडी खोचली आणि खड्ड्यात उतरली. आत वरच्यापेक्षा गार होतं. आतून फक्त आभाळाचा एक तुकडा दिसत होता.

"मी बदली आलेय," ती म्हणाली. "तू जा."

मग त्याने कुदळ तिच्या हातात दिली, लाकूड त्याच्या हाताने गरम झालेलं, आणि घमेलं पायाने तिच्याकडे सरकवलं. "डावीकडं कच्ची हाय भिंत," तो हळूच म्हणाला, "जपून." आणि हातांवर जोर देऊन वर निघून गेला.

त्याची पावलं दूर जाईपर्यंत ती तशीच उभी राहिली. तो आत गेला की बाहेर पडायचं, असं तिने ठरवलं होतं. पण टाचा उंचावून बघितलं तर तो झापाच्या दारात थांबून मागे बघत होता, बदली खरंच कामाला लागली का ते बघत. म्हणून तिने कुदळ मारली. आवाज ऐकून त्याने मान हलवली, आणि वाकून आत गेला. आतून भागीचं हसणं ऐकू आलं, भांड्यांचा आवाज, चुलीचा धूर दारातून बाहेर येऊन पसरला. मग भागीची हाक आली, "बाय, ये ना आता! ये जेवाया!"

"आले," समिधा म्हणाली. पण कुदळ थांबली तर तो पुन्हा बाहेर येईल, असं तिला वाटलं. तिने आणखी एक घाव घातला. माती मऊ होती, सहज निघत होती. खाली काहीतरी ओलसर लागत होतं.